‘कुठल्या पक्षाची पत्रिका देऊ?’ : न्यू हॅम्पशायरची प्रायमरी समजून घेताना

२३ जानेवारी २०२४. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं न्यू हॅम्पशायर राज्य, नॅशुआ शहर. मतदान एका शाळेच्या व्यायामशाळेत होतं. माझी धाकटी बहीण तिथे राहते आणि त्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होते. ती नागरिक, मी पाहुणी. त्यामुळे ती कठड्याच्या आत गेली आणि मी बाहेर उभी राहून बघत राहिले. आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे टेबलं मांडली होती. तिनं ड्रायव्हिंग लायसन्स पुढे केलं. टेबलामागच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी छापील यादीवर पट्टी सरकवत तिचं नाव शोधलं, आमचं लांबलचक आडनाव अक्षर अक्षर ताडून बघितलं आणि अगदी सहज, शेजारच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘कुठल्या पक्षाची पत्रिका देऊ?’

मी पुण्यात पंचवीस वर्षं मतदान करते आहे. हा प्रश्न मला कधी कुणी विचारलेला नाही. आपल्याकडे मतदान केंद्रावर कुणी असं विचारलं तर तिथेच आरडाओरडा होईल. बहिणीनं मात्र शांतपणे ‘रिपब्लिकन’ म्हणून सांगितलं, लांबलचक कागद घेतला आणि आडोशाला गेली. ती त्या पक्षाची सदस्य नाही, दुसऱ्याही पक्षाची नाही.

दर चार वर्षांनी आपल्या वर्तमानपत्रांत ‘अमुक न्यू हॅम्पशायर जिंकले’ अशी बातमी येते आणि घरोघरी एकच शंका निघते: अमेरिकेची निवडणूक तर नोव्हेंबरात असते, मग जानेवारीत कोण कुणाला हरवतंय? आणि दोघंही एकाच पक्षाचे कसे?

एबी फॉर्म मतदाराच्या हातात

आपल्याकडे उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख जवळ आली की काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या होतात, याद्या फिरतात. ज्याच्या हातात पक्षाचा एबी फॉर्म पडतो तो अधिकृत उमेदवार आणि ज्याला मिळत नाही तो बंडखोर. हा फॉर्म कुणाला द्यायचा हे पक्षाचे नेते ठरवतात. आपण मतदार चित्रात येतो ते त्यानंतर.

प्रायमरी म्हणजे हा एबी फॉर्म कुणाला द्यायचा यासाठी मतदारांनी केलेलं मतदान. एवढीच व्याख्या लक्षात ठेवली तरी पुरे. लढत पक्षाच्या आतली असते, म्हणून रिपब्लिकन विरुद्ध रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट विरुद्ध डेमोक्रॅट. नोव्हेंबरात या दोन्ही लढतींचे विजेते समोरासमोर येतात.

त्या दिवशी रिपब्लिकन पत्रिकेवर २४ नावं होती आणि डेमोक्रॅटिक पत्रिकेवर २१. इतकी नावं कशी? कारण तिथे अर्ज भरायला पक्षाची शिफारस लागत नाही. कायद्यानं घातलेल्या पात्रतेत बसणाऱ्यानं १,००० डॉलर भरले की त्याचं नाव छापलं जातं. काही नावं तर मैदान सोडून गेलेल्यांची होती. विवेक रामस्वामी आठवडाभर आधी बाहेर पडले होते, रॉन डिसँटिस दोनच दिवस आधी. पत्रिका तोवर छापून झाली होती. खरी लढत उरली होती डोनाल्ड ट्रम्प आणि निकी हॅली या दोघांत.

काही राज्यांत प्रायमरीऐवजी ‘कॉकस’ असतो. ते जवळपास ग्रामसभेसारखं प्रकरण आहे: ठरलेल्या संध्याकाळी लोक शाळेत, सभागृहात जमतात, चर्चा करतात आणि तिथल्या तिथे पसंती नोंदवतात. आयोवा राज्याचा कॉकस प्रसिद्ध आहे. त्यात यापेक्षा खोलात जायची आपल्याला गरज नाही.

डेलिगेट म्हणजे ठराव घेऊन जाणारा माणूस

प्रायमरीत मत उमेदवाराला पडतं, पण हिशेब डेलिगेटांचा होतो. बातम्यांत सगळा गोंधळ इथेच होतो.

जिल्हा मध्यवर्ती बँकेची निवडणूक ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. तिथे विकास सोसायटीचे सगळे सभासद बँकेच्या निवडणुकीत मत द्यायला जात नाहीत. सोसायटी एकाच्या नावानं ठराव करते आणि तो ठराववाला जाऊन मत देतो. म्हणून तर निवडणुकीच्या आधी ‘आमच्याकडे इतके ठराव आहेत’ अशी मोजदाद सुरू होते. अमेरिकेतला डेलिगेट हा असाच ठराववाला आहे. फरक इतकाच, की त्यानं कुणाला मत द्यायचं हे राज्यातल्या मतदारांनी प्रायमरीत आधीच ठरवलेलं असतं.

सगळ्या राज्यांचे डेलिगेट उन्हाळ्यात पक्षाच्या महाअधिवेशनात जमतात आणि तिथे उमेदवारीवर शिक्कामोर्तब होतं. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे देशभरातले डेलिगेट होते २,४२९, म्हणजे जिंकायला १,२१५ हवे. त्यात न्यू हॅम्पशायरचे किती? २२. शंभरात एकही पुरता नाही. ट्रम्प यांना सुमारे १ लाख ७६ हजार मतं पडली, हॅली यांना १ लाख ४० हजार. त्या प्रमाणात डेलिगेट वाटले गेले ते १३ आणि ९. आकड्यात फरक चारचा.

डेलिगेट म्हणजे नुसता हिशेबाचा आकडा नसतो, ती जिवंत माणसं असतात, हे त्याच वर्षी जुलैत दिसलं. जो बायडेन यांनी प्रायमऱ्यांमधून सुमारे ३,९०० डेलिगेट मिळवले होते. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि हे हजारो ठराववाले एका दिवसात मोकळे झाले. त्यांनी ऑगस्टच्या सुरुवातीला ऑनलाइन मतदान करून कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. त्या वर्षीच्या एकाही प्रायमरीत हॅरिस यांचं नाव उमेदवार म्हणून नव्हतं. नियमात हे पूर्णपणे बसणारं होतं. तरीही ‘मग आम्ही मत दिलं ते कशाला?’ असं विचारणारे लोक होते, आणि मला त्यांचा प्रश्न रास्त वाटतो.

बंद खोलीतून बाहेर

हे सगळं अमेरिकेत पहिल्यापासून होतं असं मुळीच नाही. अनेक दशकं तिथलंही तिकीटवाटप आपल्यासारखंच होतं. राज्याराज्यातले बडे नेते अधिवेशनाच्या हॉटेलात बसून नाव ठरवायचे. प्रायमरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, पण ती बराच काळ शोभेपुरतीच राहिली. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या आणि उमेदवारी मात्र मिळाली विल्यम टाफ्ट यांना, कारण अधिवेशन टाफ्ट यांच्या माणसांच्या ताब्यात होतं.

परिस्थिती फिरली ती १९६८ साली. व्हिएतनाम युद्धानं देश पोळलेला, तरुण रस्त्यावर. डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनानं ह्युबर्ट हंफ्री यांना उमेदवारी दिली, आणि हंफ्री एकाही प्रायमरीत उतरलेले नव्हते. बाहेर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या, आत नावावर शिक्का बसत होता. त्या संतापातून पक्षानं आयोग नेमला, नियम बदलले आणि १९७२ पासून डेलिगेट प्रामुख्यानं मतदारांच्या कौलानं ठरू लागले. पाठोपाठ रिपब्लिकन पक्षातही तेच घडलं. म्हणजे आज आपण बघतो ती पद्धत जेमतेम पन्नास वर्षांची आहे.

२२ डेलिगेटांचा एवढा गाजावाजा का

शितावरून भाताची परीक्षा, हे याचं उत्तर.

न्यू हॅम्पशायर हे सुमारे १४ लाख वस्तीचं राज्य. आपल्या एखाद्या मोठ्या महापालिकेत याहून जास्त माणसं राहतात. पण १९२० पासून देशातली पहिली प्रायमरी तिथे होत आली आहे, आणि १९५२ पासून तिथल्या पत्रिकेवर थेट अध्यक्षपदाच्या इच्छुकांची नावं छापली जाऊ लागली. त्याआधी लोक फक्त डेलिगेट निवडत असत. नावं छापल्याबरोबर पहिल्याच वर्षी भात कच्चा असल्याचं कळलं: पदावर असलेले अध्यक्ष हॅरी ट्रुमन त्यांच्याच पक्षातल्या एस्टेस केफॉवर या सिनेटरकडून हरले आणि मार्च संपायच्या आत त्यांनी पुन्हा लढणार नसल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी रिपब्लिकन बाजूला ड्वाइट आयझेनहॉवर जिंकले. ते तेव्हा युरोपात लष्कराच्या कामावर होते. प्रचाराला ते आलेही नव्हते.

१९६८ ची गोष्ट त्याहून बोलकी आहे. अध्यक्ष लिंडन जॉन्सन जिंकले, ४९ टक्के. युजीन मॅकार्थी हरले, ४२ टक्के. पण पदावरच्या अध्यक्षाला आपल्याच पक्षात निम्मी मतंही मिळू नयेत, हे शीत दाबून बघितल्यावर सगळ्यांना कळायचं ते कळलं. चार दिवसांत रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले आणि ३१ मार्चला जॉन्सन यांनी माघार जाहीर केली.

म्हणून तिथला निकाल वाचताना ‘कोण जिंकलं’ एवढंच बघून चालत नाही. ज्याच्याकडून जितकी अपेक्षा होती त्याच्या पुढे की मागे, हे बघायचं. १९९२ मध्ये बिल क्लिंटन तिथे दुसरे आले आणि तेच जिंकल्यासारखे देशभर गाजले, कारण आधीचे काही आठवडे आरोपांच्या माऱ्यात ते संपलेच असं सगळे धरून चालले होते. पहिल्या निकालानंतर देणगीदार हात आखडता घेतात किंवा सैल सोडतात आणि वाहिन्या कॅमेरे हलवतात. ज्यांचे पैसे संपले ते घरी जातात. डेलिगेट चारच मिळोत, पुढच्या राज्यात रिंगणात किती जण उरणार हे इथे ठरतं.

आणखी एक गोष्ट मला तिथे फार आवडली. छोटं राज्य असल्यामुळे उमेदवाराला माणसांना भेटावंच लागतं. नुसत्या जाहिरातींवर निभावत नाही. बहिणीच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ सांगत होते, की ते तिघांना प्रत्यक्ष भेटून आले आणि त्यातल्या एकाला औषधांच्या किमतीवर उलट प्रश्न विचारला. अध्यक्ष होऊ घातलेला माणूस समोर उभा राहून आपल्या प्रश्नाला उत्तर देतोय, हे त्यांना विशेष वाटतच नव्हतं.

पहिली पंगत कुणाची

लग्नात पहिल्या पंगतीला बसणाऱ्याला जिलबी गरम मिळते, वाढपी दोनदा फिरतात, यजमान स्वतः आग्रह करतात. चौथ्या पंगतीपर्यंत मठ्ठा पातळ झालेला असतो. प्रायमऱ्यांचं तसंच आहे. जानेवारीत मत देणाऱ्यापुढे चोवीस नावं आणि सगळे उमेदवार दारात. जूनमध्ये मत देणाऱ्या राज्यापुढे बहुतेक वेळा एकच उरलेला. त्यामुळे पहिल्या पंगतीवरून भांडण होणारच.

न्यू हॅम्पशायरनं हा मान १९७५ साली कायद्यातच घालून ठेवला: आमची प्रायमरी तशा प्रकारच्या दुसऱ्या कुठल्याही निवडणुकीच्या निदान सात दिवस आधी होईल. तारीख ठरवायचा अधिकार राज्याच्या सचिवाला. बिल गार्डनर नावाचे गृहस्थ ४५ वर्षं त्या पदावर होते. दुसरं राज्य पुढे सरकलं की ते आणखी पुढे सरकायचे. आयोवाचा कॉकस आधी चालतो, कारण कॉकस ही ‘तशा प्रकारची’ निवडणूक धरत नाहीत.

आक्षेप असा आणि तो खरा आहे: न्यू हॅम्पशायरमधली सुमारे नव्वद टक्के वस्ती गोऱ्यांची आहे. मोठं महानगर नाही, कृष्णवर्णीय मतदार अगदी थोडे. अशा राज्यानं देशाच्या भाताची परीक्षा का करावी? २०२० मध्ये इथे बायडेन पाचवे आले होते, अवघी ८ टक्के मतं. निकाल लागायच्या आधीच ते विमानानं साउथ कॅरोलायनाला गेले. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. २९ फेब्रुवारीला त्यांनी बायडेन यांना जवळपास निम्मी मतं दिली आणि तीन दिवसांनी, एकाच दिवशी मतदान झालेल्या १४ राज्यांपैकी १० त्यांनी जिंकली. पहिल्या शितावर थांबलो असतो तर हा माणूस अध्यक्ष झालाच नसता.

म्हणून अध्यक्ष झाल्यावर बायडेन यांच्या सांगण्यावरून पक्षानं २०२४ साठी साउथ कॅरोलायनाला पहिलं पान वाढायचं ठरवलं. न्यू हॅम्पशायरनं कायद्याकडे बोट दाखवलं आणि आपली तारीख आधीच ठेवली. पक्षानं मान्यता काढून घेतली आणि बायडेन यांनी तिथे अर्जच भरला नाही. तेव्हा डेमोक्रॅटिक पत्रिकेवरच्या त्या २१ नावांत विद्यमान अध्यक्षाचं नाव नव्हतं ते यामुळे. तिथल्या त्यांच्या समर्थकांनी मग ‘राइट-इन’चा मार्ग धरला, म्हणजे पत्रिकेच्या तळाशी कोऱ्या ओळीवर हातानं नाव लिहायचं. सुमारे ६४ टक्के लोकांनी पेननं ‘बायडेन’ लिहिलं. हातानं लिहिलेली हजारो नावं कर्मचारी रात्री वाचून मोजत होते.

मतदानाच्या आधी दोन दिवस अनेक घरांत फोन आले. आवाज हुबेहूब बायडेन यांचा: आता मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेला होता. प्रायमरीत मत दिलं तरी नोव्हेंबरचं मत कुठेही जात नाही, त्यामुळे मजकूर धडधडीत खोटा होता. पण ज्याला ही पद्धत नीट ठाऊक नाही त्याला तो खरा वाटू शकला असता. पुढे महिनाभरात अशा बनावट आवाजाचे स्वयंचलित फोन बेकायदा असल्याचं केंद्रीय दळणवळण आयोगानं जाहीर केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हे करवून घेणाऱ्याला ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला. सोप्या भाषेत समजावून सांगायची गरज किती खरी आहे, हे मला त्या फोनवरून कळलं.

पण मग विरोधक येऊन खोडा घालणार नाहीत का?

माझ्या भावजयीनं हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारला. शेजारच्या पक्षाची माणसं येऊन मुद्दाम कमकुवत उमेदवार निवडून द्यायची नाहीत का?

न्यू हॅम्पशायरमध्ये मतदारयादीत प्रत्येक नावापुढे पक्षाचा रकाना असतो. रिपब्लिकन, डेमोक्रॅट किंवा ‘अघोषित’. नोंदणीकृत डेमोक्रॅटाला रिपब्लिकन पत्रिका मिळत नाही. पक्ष बदलायचा असेल तर तो महिनोन् महिने आधी बदलावा लागतो. जानेवारी २०२४ च्या मतदानासाठी ही मुदत ६ ऑक्टोबर २०२३ लाच संपली होती. ऐन वेळी कुंपण ओलांडता येत नाही. मोकळीक आहे ती फक्त अघोषितांना, आणि ते राज्यात सर्वांत मोठ्या संख्येनं आहेत. ते कुठलीही एक पत्रिका मागू शकतात. दोन्ही मात्र नाही.

आमच्या घरातलं कारस्थान सांगायचं तर बहीण खोडा घालायला गेली नव्हती. ‘ताई, खरी लढत या बाजूला आहे, मग माझं मत तिथे कामी येईल ना,’ एवढाच तिचा विचार होता. बहुतेक अघोषित मतदार असाच विचार करतात. त्या वर्षी त्यांचा ओढा हॅली यांच्याकडे होता, तर पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनी ट्रम्प यांना भरभरून मतं दिली. हॅली हरल्या तरी ४३ टक्क्यांपर्यंत गेल्या त्या या लोकांच्या जोरावर.

राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. कुठे फक्त पक्षाच्या नोंदणीकृतांनाच मत देता येतं, तर कुठे कुणालाही.

पक्षाच्या घरात सरकारनं डोकवायचंच कशाला?

पक्ष ही खाजगी संघटना, तिनं तिचा उमेदवार कसाही निवडावा. मग प्रायमरीला सरकारी यादी आणि सरकारी खर्च कशाला? हा युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो. टेक्सासमध्ये तो कसा वापरला गेला ते पाहिलं की त्याचं खरं रूप दिसतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचंच राज्य होतं. त्या पक्षाची प्रायमरी जो जिंकेल तो नोव्हेंबरात निवडून येणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट असायचं. आणि टेक्सासच्या डेमोक्रॅटिक पक्षानं नियम केला होता: प्रायमरीत फक्त गोरे मत देतील. कृष्णवर्णीयांना नोव्हेंबरात मत द्यायला कागदोपत्री मोकळीक, पण तोवर ठरायचं ते ठरून गेलेलं. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांना १९४० मध्ये असंच परत पाठवलं गेलं. ते कोर्टात गेले, वकील होते थर्गुड मार्शल. पक्ष म्हणाला, आम्ही खाजगी संघटना, सदस्य कोण ते आम्ही ठरवणार. सर्वोच्च न्यायालयानं १९४४ मध्ये ८ विरुद्ध १ मतानं निकाल दिला: निवडणुकीच्या यंत्रणेचा भाग असलेल्या प्रायमरीत वर्णावरून मताधिकार नाकारणं घटनाबाह्य आहे.

ज्या दारातून खरी निवड होते त्या दारावर पक्षाचा एकट्याचा पहारा असू नये, असं मला ठामपणे वाटतं ते या खटल्यामुळे.

मतं फुटली की

प्रायमरीत गर्दी झाली की थोड्या मतांवरही माणूस पुढे जातो. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी न्यू हॅम्पशायर जिंकलं ते ३५ टक्के मतांवर. उरलेली मतं बाकीच्या इच्छुकांत विखुरली. मतविभाजन आपल्याला शिकवायला नको.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेला हा मराठी माणूस. २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून संसदेसाठी प्रायमरी लढवली. रिंगणात नऊ जण. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली आणि ते जिंकले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे ऑगस्टमध्येच ते खासदार झाल्यात जमा होते. एका बाजूनं बघा: कुठल्याही घराण्याचा नाही, उच्चारात अजून बेळगाव आहे, अशा माणसाला कुणाच्या दाराशी न जाता तिकीट मिळालं. दुसऱ्या बाजूनं बघा: कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या त्या शहरात समाजाची मतं अनेक उमेदवारांत फुटली आणि कित्येक दशकांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. तिथल्या लोकांना ते लागलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि आपल्या माणसाच्या अभिमानात दुसरी झाकून टाकू नये.

तिकीट देणारा हात

तिकीट ज्याच्या हातात, निवडून आलेला माणूस त्याला घाबरतो. प्रायमरी समजून घ्यायची ती यासाठी.

आपल्याकडे आमदार-खासदार नेतृत्वाला घाबरतात. पुढचं तिकीट तिथून येतं आणि १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदाही आहे. व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथला खासदार पक्षाध्यक्षाला भीक घालत नाही, पण आपल्या प्रायमरीतल्या मतदारांना टरकून असतो. वायोमिंगच्या लिझ चेनी, माजी उपाध्यक्षांच्या कन्या, संसदेत पक्षातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या नेत्या होत्या. त्या ट्रम्प यांच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि २०२२ च्या प्रायमरीत त्यांना जेमतेम २९ टक्के मतं पडली. हॅरिएट हेगमन यांना ६६. प्रायमरीला नोव्हेंबरपेक्षा खूपच कमी लोक येतात आणि येतात ते जास्त कडवे असतात. त्यामुळे बड्या नेत्यांच्या तावडीतून सुटलेलं तिकीट मूठभर कट्टरांच्या हाती जाण्याचा धोका या पद्धतीत आहेच. तरीही बंद खोलीतल्या पाच माणसांपेक्षा मला रांगेत उभी राहिलेली ही लाखभर माणसं पत्करतील.

आपल्याकडे हा प्रयोग झालाच नाही असं नाही. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधी यांच्या आग्रहानं काँग्रेसनं देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात सागर मेघे जिंकले, लातूरला दत्तात्रय बनसोडे. मत द्यायला होते पक्षाचे पदाधिकारी आणि स्थानिक लोकप्रतिनिधी, सामान्य मतदार नव्हे. पुढे लोकसभेला दोघंही पडले. त्या वर्षीच्या लाटेत राज्यात काँग्रेसच्या दोनच जागा आल्या, तेव्हा त्या पराभवाचं खापर प्रायमरीवर फोडण्यात अर्थ नाही. प्रयोग मात्र तिथेच थांबला.

नॅशुआहून परतल्यावर मी आमच्या भागातल्या एका जुन्या कार्यकर्त्याशी यावर बोलले. तीस वर्षं सतरंज्या उचललेला माणूस, दोनदा तिकीट हुकलेलं. मला वाटलं, ऐकून खूश होईल. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘ताई, यादी कुणाची वापरणार?’ मग समजावून सांगितलं: पक्षाची सदस्यनोंदणी म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्यानं भरलेल्या पावत्या. दहा हजार नावं एका रात्रीत चढतात. त्या यादीवर मतदान घेतलं तर पावत्या फाडणाराच जिंकेल, आणि वर ‘लोकांनी निवडलं’ म्हणून मिरवेल.

नॅशुआत पांढऱ्या केसांच्या बाईंसमोर जी यादी होती ती कुठल्याच पक्षाची नव्हती. नगराची होती, तीच नोव्हेंबरातही वापरली जाणार होती. पत्रिका मशीनमध्ये सरकवून बहीण बाहेर येताना दारापाशी आणखी एका टेबलावर थांबली. रिपब्लिकन पत्रिका घेतल्याबरोबर त्या यादीत ती रिपब्लिकन झाली होती, ते काढायला एका छोट्या फॉर्मवर सही करायची होती. तिच्या मागे तशाच सात-आठ जणांची रांग होती. तिनं सही केली, तिच्या नावापुढे पुन्हा ‘अघोषित’ झालं, आणि ती हातमोजे चढवत माझ्याकडे आली.